‘लीड’ म्हणजे विजय नाही, ‘१४४’ म्हणजे कर्फ्यू नाही: निवडणूक आणि बंदोबस्ताच्या बातम्यांतले इंग्रजी शब्द नेमकं काय सांगतात?

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. भूम, परंडा आणि वाशी या तीन तालुक्यांचा मिळून परंडा मतदारसंघ होतो. इथे शिवसेनेचे तानाजी सावंत आणि राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे राहुल मोटे यांच्यात लढत होती. निकाल जाहीर झाला तेव्हा सावंत जिंकले होते आणि दोघांमधलं अंतर होतं फक्त १,५०९ मतांचं. त्याच वर्षी लोकसभेला या जिल्ह्यात ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले होते. तिथे सकाळची बातमी आणि संध्याकाळची बातमी यात फरक पडायचं कारण नव्हतं. दीड हजाराच्या लढतीत मात्र मोबाइलवर आलेला ‘लीडिंग’ हा एक शब्द किती वाजता आला आणि कुठल्या फेरीनंतर आला, यावर सगळं अवलंबून असतं.

तरीही पहिल्या लीडला माळ लागतेच. वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठीच ओळखलं जातं, तेव्हा माळेची टंचाई या भागात पडणार नाही. घाई होते ती शब्दाची.

गावाकडे ‘लीड’ हा शब्द आता मराठीच झालाय. “आमच्या गावानं दोनशेचं लीड दिलं,” असं म्हटलं की त्या गावातल्या मतदान केंद्रांवर एका उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा किती मतं जास्त पडली, ते कळतं. बातमीतला ‘लीड’ वेगळा. तो मोजून झालेल्या मतांपुरता असतो. सकाळी आठला टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि अर्ध्या तासाने यंत्रांची. साधारणपणे चौदा टेबलं मांडलेली असतात, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रांची यंत्रं उघडतात आणि तीही केंद्रांच्या क्रमांकानुसार. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत त्यामुळे मतदारसंघाचा एकच पट्टा मोजला जातो. तीन तालुक्यांच्या मतदारसंघात एका तालुक्यातला लीड पुढच्या तालुक्यात पुसला जाऊ शकतो. यात घोटाळा झाला असं समजायचं कारण नाही, फक्त पुढची गावं मोजायला आलेली असतात.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही मोजणी सुरू असताना ‘ट्रेंड्स’ असा शब्द असतो. ट्रेंड म्हणजे कल. ‘लीडिंग’ म्हणजे पुढे, ‘ट्रेलिंग’ म्हणजे मागे आणि ‘वन’ म्हणजे जिंकला. यातला शेवटचा शब्द येईपर्यंत आधीचे दोन कितीही वेळा जागा बदलू शकतात. निकाल ‘डिक्लेअर’ होतो तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने घोषणा केल्यावर. टीव्हीवरचा पट्टा म्हणजे घोषणा नव्हे.

अटीतटीच्या लढतीत लगेच दुसरा शब्द फिरू लागतो, ‘रिकाउंटिंग’. फेरमोजणी मागता येते, पण ती घोषणेच्या आधी, लेखी आणि कारण देऊन. अधिकारी ती मान्य करू शकतो, अंशतः मान्य करू शकतो किंवा कारण नोंदवून फेटाळू शकतो. “रिकाउंटिंगचा अर्ज दिला” आणि “रिकाउंटिंग सुरू झालं” या दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि फॉरवर्ड होताना पहिलीची दुसरी व्हायला दोन मिनिटं पुरतात. एकदा घोषणा झाली की मग मार्ग उरतो ‘इलेक्शन पिटिशन’चा, म्हणजे ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करायच्या निवडणूक याचिकेचा. याचिका दाखल झाली म्हणून आमदारकी जात नाही. निकाल विरोधात गेला तर जाते.

‘डिपॉझिट गुल झालं’ हा पारावरचा आवडता टोमणा. त्यामागचा हिशोब सोपा आहे. विधानसभेला दहा हजार आणि लोकसभेला पंचवीस हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर पराभूत उमेदवाराची रक्कम जप्त होते. कागदोपत्री या रकमेला ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणतात. त्यातल्या सिक्युरिटीचा पोलीस बंदोबस्ताशी काही संबंध नाही, ती हमीची रक्कम आहे.

‘नोटा’चा घोळ शेजारच्या लातूर जिल्ह्याने चांगलाच दाखवून दिला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर चक्क ‘नोटा’ आला, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. समजा तो पहिला आला असता तर? विधानसभेत तरीही उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं तोच निवडून आला असता. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. शब्द तोच आहे, बटणही तेच आहे, पण नगरपंचायतीला त्याचा परिणाम वेगळा आणि आमदारकीला वेगळा.

पक्षफुटीचे शब्द या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा परंड्याचे आमदार एकनाथ शिंदेंसोबत गेले, तर उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील आणि खासदार निंबाळकर उद्धव ठाकरेंकडे राहिले. एकाच जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी दोन बाजूंना. त्यानंतरची दोन वर्षं ‘व्हिप’, ‘स्प्लिट’, ‘मर्जर’, ‘डिसक्वालिफाय’ हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येत होते.

व्हिप म्हणजे चाबूक. इंग्लंडमध्ये शिकारीच्या वेळी कुत्र्यांना कळपात ठेवणाऱ्या माणसासाठी वापरला जाणारा शब्द पुढे संसदेत आला. आपल्याकडे व्हिप म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश आणि तो काढणारा प्रतोद, दोन्ही. ‘स्प्लिट’ची गंमत अशी, की बातमीत तो रोज असला तरी कायद्यात त्याला आता आधार नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकलं. उरलं ते ‘मर्जर’, म्हणजे विलीनीकरण, आणि त्याला दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. म्हणूनच कुठलाच गट स्वतःहून “आम्ही फुटलो” असं म्हणत नाही, प्रत्येक जण “मूळ पक्ष आम्हीच” असं सांगतो. हा हट्ट भावनेचा वाटतो, पण तो कायद्याने लावलेला आहे.

याच काळात धनुष्यबाण ‘फ्रीज’ झाला. अनेकांनी तो ‘कॅन्सल’ झाला असं वाचलं. ऑक्टोबर २०२२ मधला आयोगाचा आदेश तात्पुरता होता. निर्णय होईपर्यंत दोघांनीही चिन्ह वापरायचं नाही, इतकंच. निर्णय आला १७ फेब्रुवारी २०२३ ला, आणि नाव व चिन्ह शिंदे गटाला मिळालं.

इथपर्यंत गैरसमज झाला तर फार तर पैज हरते. बंदोबस्ताच्या शब्दांत माणसाची अब्रू गुंतलेली असते.

‘बुक्ड’, ‘डिटेन्ड’, ‘अरेस्टेड’ आणि ‘कन्व्हिक्टेड’ हे चार शब्द इंग्रजी बातमीत ओळीने येतात आणि मराठी फॉरवर्डमध्ये चौघांचंही “अटक झाली” होतं. बुक्ड म्हणजे गुन्हा नोंदवला गेला. डिटेन्ड म्हणजे ताब्यात घेतलं. मतदानाच्या तोंडावर प्रतिबंधात्मक कारवाई म्हणून असं होतं, आणि त्यासाठी त्या माणसाने काही केलेलं असायलाच हवं असं नाही. अरेस्टेड म्हणजे अटक, आणि मग चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. कन्व्हिक्टेड म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवलं. निवडणूक लढवायला अपात्र ठरवणारी पायरी ही शेवटची. साधारणपणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर. गुन्हा नोंदवला म्हणून कुणी अपात्र होत नाही. ‘एक्स्टर्न्ड’ म्हणजे तडीपार. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार ठरावीक काळासाठी ठरावीक हद्दीबाहेर काढणं. ती तुरुंगवासाची शिक्षा नाही.

गावाचं केंद्र ‘क्रिटिकल’ यादीत आलं की गावकऱ्यांना अपमान वाटतो. मराठी बातम्या त्याला ‘संवेदनशील’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला दंगलीचं गाव वाटतं. मागच्या वेळी फारच जास्त मतदान होऊन बहुतेक मतं एकाच उमेदवाराला गेली असतील, तरी केंद्र या यादीत येऊ शकतं. ‘व्हल्नरेबल’ हा त्याहून वेगळा शब्द. तिथे मतदारांनाच कुणी धमकावेल किंवा केंद्रापर्यंत जाऊ देणार नाही अशी शंका असते. म्हणजे संरक्षण मतदाराला द्यायचं असतं, संशय त्याच्यावर नसतो. ‘फ्लॅग मार्च’ही तसाच. पोलिसांनी बाजारपेठेतून संचलन केलं म्हणजे काहीतरी घडलंय असं नाही, बहुतेकदा काही घडू नये म्हणूनच ते असतं.

आणि ‘१४४’. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला बीडमध्ये हिंसक वळण लागलं. वाशी तालुक्याची हद्द बीड जिल्ह्याला लागूनच आहे. धाराशिव जिल्ह्यातही तेव्हा संचारबंदीचा आदेश निघाला. जमावबंदीत पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नसतं, पण एकट्याने दुकानात जायला हरकत नसते. संचारबंदीत, म्हणजे कर्फ्यूत, सूट दिलेली कारणं सोडून घराबाहेरच पडायचं नसतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन्ही आदेश त्याच कलम १४४ खाली निघायचे. नुसतं “१४४ लागू” असं लिहिलेल्या मेसेजवरून दवाखान्यात जाता येईल की नाही, हे कळत नाही. ते आदेशात वाचावं लागतं. १ जुलै २०२४ पासून तर कलमाचा आकडाही बदललाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ आहे, जुने मेसेज मात्र अजून १४४ च सांगत फिरतात.

वाशीकरांच्या वाट्याला एक जादा अडचण आहे. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटील यांचा मोर्चा “वाशीत” पोहोचल्याच्या, तिथे बंदोबस्त वाढवल्याच्या बातम्या सगळ्या फोनवर होत्या. ती वाशी नवी मुंबईतली. मराठीत दोन्ही नावं हुबेहूब एकसारखी लिहिली जातात. इथे मात्र इंग्रजीच कामी येते: धाराशिवच्या वाशीचं स्पेलिंग सरकारी कागदांत ‘डब्ल्यू’ने सुरू होतं, नवी मुंबईच्या वाशीचं ‘व्ही’ने. आणि २०२४ चे निकाल आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना लोकसभा मतदारसंघ ‘धाराशिव’ या नावाने सापडणार नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, मतदारसंघाचं नाव मात्र २००८ च्या पुनर्रचनेतलंच राहिलं, उस्मानाबाद.