तिघींतली एक

२०१९च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला आणि काही घरांत एक वेगळाच पेच उभा राहिला. तोवर एका माणसाला तीन शस्त्रं बाळगता येत होती; आता फक्त दोन. वारशानं आली असली तरी हिशेब तोच. वर्षभरात तिसरं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं.

आता कोकणातलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पणजोबांची ठासणीची बंदूक, आजोबांची दुनळी आणि वडिलांनी घेतलेली ३१५ची रायफल. खंडेनवमीला तिघी एकाच पाटावर बसायच्या, तिघींना एकच झेंडूची माळ. कुठली द्यायची?

‘जी उपयोगाची ती ठेवा,’ असं कुणी म्हणेल. पण शिकारीचं दार १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९९१च्या दुरुस्तीनं बंद केलं, आणि ते बरंच झालं. म्हणून उपयोग सोडा. या तिघींच्या पोटात काय दडलंय ते बघू या.

ठासणीची बंदूक म्हणजे मागून बंद असलेली एक लोखंडी नळी. तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्या आणि छर्रे घालून गजानं ठासायचं. दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. पण मागून बंद असलेल्या नळीत ठिणगी पोचते कशी? घोड्याखाली एक बारीक भोकाचं बोंड असतं आणि त्यावर तांब्याची इवलीशी टोपी. घोडा आपटला की टोपीतलं रसायन फुटतं आणि जाळ भोकातून आत शिरतो. दिवाळीतल्या टिकल्या आठवतात? अगदी तेच!

ही युक्ती सुचली कुणाला? स्कॉटलंडच्या एका धर्मोपदेशकाला. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. त्याच्या काळी चकमकीच्या बंदुका होत्या. ठिणगी आधी बाहेरच्या चिमूटभर दारूवर पडायची, भपकन जाळ व्हायचा आणि मग आतली दारू पेटायची. सांगतात, की तेवढ्या क्षणात पाखरं सावध होऊन निसटत. वैतागून त्यानं आपटताच फुटणारं रसायन वापरून बघितलं आणि १८०७ साली पेटंट घेतलं. टोपी त्याच कल्पनेतून पुढे आली. म्हणजे निसटणाऱ्या पाखरांपायी जगभरच्या फौजांच्या बंदुका बदलल्या!

आता दुनळी. ‘बारा बोअर’ आपण सर्रास म्हणतो, पण बारा काय? मिलिमीटर नव्हेत, इंचही नव्हेत. एक पौंड शिसं घ्या आणि त्याचे सारखे बारा लाडू वळा. यातला एक लाडू ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची. मोजून पाहिलं तर साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस लाडू वळले तर प्रत्येक लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. एखाद्या हलवायाला हे माप सांगितलं तर त्याला लगेच कळेल.

दुनळीच्या दोन नळ्याही बहुधा सारख्या नसतात. बागेतल्या पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार लांब जाते ना? नळीचं तोंडही शेवटी किंचित आवळलेलं असतं, फार तर एखाद मिलिमीटर, आणि तेवढ्यानं छर्रे एकवटून जातात. डावी नळी सहसा जास्त आवळलेली. का? पहिला बार उजवीचा, पाखरू जवळ असताना. दुसऱ्या बारापर्यंत ते लांब गेलेलं असतं!

बंदूक एकोणिसाव्या शतकातली विलायती असेल तर नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसेल. ती वरून काढलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळून त्यांची पट्टी करायची, ती दांड्याभोवती बँडेजसारखी गुंडाळायची, तापवून ठोकून सांधायची आणि दांडा काढून घ्यायचा. अखंड नळी म्हणजे एक घातलेली वेणी! मग परीक्षा. बर्मिंगहॅमला त्यासाठी १८१३पासून खास परीक्षागृह आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तरच ठसा.

पण ही परीक्षा काळ्या दारूची होती. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएयनं बिनधुराची दारू काढली आणि नळीतल्या दाबाचं सगळं गणित बदललं. आजचं काडतूस, मग ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं का असेना, त्या वेणीत घालू नये. वेणी सुटली तर बोटं जातात.

आणि रायफल? ती रिकामी आहे याची खात्री करून नळी उजेडाकडे धरा. आत मळसूत्रासारखे आटे वळत गेलेले दिसतील. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि फिरणारा भोवरा कलंडत नाही. समजा, पंचवीस सेंटिमीटरला आट्यांचा एक फेरा आहे. साठ सेंटिमीटर नळीत गोळीचे अडीच फेरेही होत नाहीत. पण ती सेकंदाला आठशे मीटर वेगानं सुटली, तर बाहेर पडताना सेकंदाला ३२०० फेरे घेत असते! घरातला मिक्सर पूर्ण जोरात मिनिटाला वीसेक हजार फिरतो. ही जवळपास दोन लाख.

३१५चं काडतूस तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं. इंग्रजांना फौजेची ३०३ लोकांच्या हाती नको होती, म्हणून हे परकं माप इथे रुजलं. ते साम्राज्य १९१८ साली मोडलं, पण त्याचं काडतूस आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीत जगत राहिलं.

तरी मला विचाराल तर रायफल द्या. तशीच दुसरी यंत्रावर पुन्हा बनते. पिळलेल्या सळ्यांची ती वेणी आता कोण घालणार? आणि दुनळीच्या दोन्ही नळ्या एकदा उजेडाकडे धरून बघा. उजवी आतून झिजलेली आणि डावी जवळजवळ कोरी दिसली, तर आजोबांना दुसरा बार क्वचितच काढावा लागला असणार.