बर्फावरून घसरताना

काश्मीरमधील गुलमर्ग हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील डोंगरउतार बर्फाने झाकून जातात. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून लोक या उतारांवरून वेगाने घसरत येतात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. बर्फ मऊ दिसतो, म्हणून पडले तरी लागणार नाही असे तुम्हांला वाटेल. पण दाबून घट्ट झालेला बर्फ दगडासारखा कठीण असतो.

या खेळात गुडघ्याला इजा होण्याचे प्रमाण मोठे आहे. असे का होते? पडताना लांब पट्टी एका बाजूला वळते आणि शरीर दुसऱ्या बाजूला. मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट बंध ताणले जातात किंवा तुटतात. पडताना हातातील काठी सुटली नाही, तर अंगठा बाहेरच्या बाजूला रेटला जातो. त्याच्या मुळाशी असलेला बंध फाटतो. या दुखापतीला 'स्कीयरचा अंगठा' असेच नाव पडले आहे.

अशा वेळी काय करावे? दुखऱ्या पायावर भार देऊ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे सुजेवर धरावा. पट्टी बांधावी, ती फार आवळू नये. पाय उशीवर उंच ठेवावा. आपल्याकडे मुरगळलेला पाय लगेच चोळतात, शेकतात. पहिले दोन दिवस तसे करू नये, त्याने सूज वाढते. हाड मोडल्याची शंका असेल, तर तो भाग न हलवता फळीचा आधार द्यावा आणि डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांत धोकादायक मार डोक्याचा. मार्च २००९ मध्ये कॅनडातील माँ त्राँब्लाँ येथे नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री स्कीइंग शिकताना पडली. उतार नवशिक्यांचा होता. तिने हेल्मेट घातले नव्हते. पडल्यावर ती हसत-बोलत होती. 'मला काही झाले नाही,' असेच तिला वाटले. सुमारे तासाभराने तिचे डोके दुखू लागले. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी ती मरण पावली. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकटे सोडू नये. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, गुंगी आली किंवा बोलणे अडखळू लागले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. मानही दुखत असेल, तर मदत येईपर्यंत त्याला हलवू नये.

इजा टाळणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती असते. आधी प्रशिक्षकाकडून शिकावे. हेल्मेट घालावे. पडताच बूट पट्टीतून सुटावा, यासाठी त्यांना जोडणारा खटका आपल्या वजनाप्रमाणे जाणकाराकडून लावून घ्यावा. पडू लागल्यास काठी सोडून द्यावी. घसरणे थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. पुढे जाणाऱ्याला नेहमी वाट द्यावी. थकल्यावर 'आता एकच फेरी' असा मोह टाळावा.

तुमच्यापैकी थोडेच जण गुलमर्गला जातील. पण कबड्डीच्या मैदानावर किंवा पावसाळ्यात निसरड्या पायरीवर कोणीही पडू शकतो. तुमच्या मित्राचे डोके आपटले आणि तो 'काही नाही' म्हणाला, तरी ही गोष्ट लगेच शिक्षकांना व त्याच्या घरी सांगा. ही चुगली नव्हे, ही खरी मैत्री आहे.