सामना मैदानात, कसोटी रस्त्यावर

बेंगळुरू : क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी शनिवार-रविवार साधून बेंगळुरू गाठणे ही महाराष्ट्र आणि सीमाभागातील तरुणांसाठी आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई, पुणे आणि सोलापूरकरांना उद्यान एक्स्प्रेस आहे, सांगली-मिरजेकडच्या मंडळींना राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारतही धावू लागली. कृष्णराजाच्या नव्हे, तर क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या नावाच्या मुख्य स्थानकावर उतरायचे, मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेने कब्बन पार्क स्थानक गाठायचे, की एम. चिन्नास्वामी मैदान समोर उभे. इतका सोपा रस्ता फार थोड्या मैदानांच्या वाट्याला आला आहे.

मात्र ४ जून २०२५ रोजी याच मैदानाच्या दारांशी ११ जणांचा चेंगरून मृत्यू झाला आणि ५० हून अधिक जण जखमी झाले. आदल्या रात्री अहमदाबादेत रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरूने पंजाब किंग्जला सहा धावांनी हरवून अठराव्या हंगामात पहिले आयपीएल विजेतेपद पटकावले होते. त्या विजयाच्या सत्कारासाठी सुमारे ३५ हजार क्षमतेच्या मैदानाभोवती दोन ते तीन लाख लोक जमल्याचे राज्य सरकारने सांगितले. मृत्यू झाले ते मैदानात नव्हे, प्रवेशद्वारांबाहेर. त्यामुळे एक साधा प्रश्न नव्याने पुढे आला. शहरात पहिल्यांदाच आलेल्या, गल्ल्या आणि दारे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला सुखरूप आत नेण्याची आणि सुखरूप परत पाठवण्याची व्यवस्था नेमकी कशी उभी राहते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्कॉटलंडमधील दोन शहरांचा अनुभव उपयोगी पडतो. त्यातले पहिले शहर म्हणजे राजधानी एडिनबर्ग.

रग्बीचे शहर आणि भारतीय चांदीचा चषक

जगातील पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिनबर्गमधील रेबर्न प्लेस येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. तेव्हा प्रत्येक संघात वीस खेळाडू असत. आज पंधरा असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की त्याला ‘ट्राय’ म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतरच्या यशस्वी किकचे दोन, तर पेनल्टी किकचे तीन गुण असतात.

या दोन देशांतील वार्षिक लढतीचा चषक मात्र भारतीय आहे. १८७३ मध्ये कलकत्त्यातील ब्रिटिशांनी स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच ओस पडला. सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या स्वाधीन केला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या चषकाला ‘कलकत्ता कप’ म्हणतात. त्यासाठीचा पहिला सामना १८७९ मध्ये एडिनबर्गमध्येच खेळला गेला आणि तो बरोबरीत सुटला.

आता एडिनबर्गमधील हे सामने मरेफील्ड मैदानावर होतात. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या मैदानाची क्षमता ६७ हजारांहून अधिक, म्हणजे चिन्नास्वामीच्या जवळपास दुप्पट आहे. फेब्रुवारी-मार्चमधील सिक्स नेशन्स स्पर्धेच्या वेळी वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली आणि इंग्लंडमधून हजारो पाहुणे शुक्रवारी शहरात उतरतात. त्यांतील अनेकांची ती पहिलीच भेट असते. रग्बीत दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांच्या शेजारी बसतात. फुटबॉलप्रमाणे त्यांना वेगळे ठेवण्याची प्रथा नाही. त्यामुळे या शनिवार-रविवारांना जत्रेचे रूप येते.

एक लाख चार हजारांची दुपार

ही जत्रा पूर्वीपासून सुरळीत होती, असे नाही. १ मार्च १९७५ रोजी स्कॉटलंड-वेल्स सामन्याला मरेफील्डवर सुमारे १ लाख ४ हजार प्रेक्षक आले. त्या काळी बहुतेकांना दारावर पैसे देऊन आत जाता येई. वेल्समधून आलेल्यांची संख्या मोठी होती. मैदान ओसंडून वाहिले, उभ्याने पाहणाऱ्यांची चेंगराचेंगर झाली आणि हजारोंना बाहेरच राहावे लागले. सामना स्कॉटलंडने १२-१० असा जिंकला. रग्बीच्या प्रेक्षकसंख्येचा तो जागतिक उच्चांक पुढे १९९९ पर्यंत टिकला.

आयोजकांनी या उच्चांकाकडे भूषण म्हणून पाहिले नाही, धोक्याची सूचना म्हणून पाहिले. त्यानंतर मरेफील्डवरील मोठ्या सामन्यांना केवळ आगाऊ तिकीट असलेल्यांनाच प्रवेश देण्याचा आणि प्रेक्षकसंख्येला मर्यादा घालण्याचा निर्णय झाला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयाचे महत्त्व मोठे होते. आगाऊ तिकिटामुळे किती लोक येणार हे आधी कळते, कोणी कोणत्या दाराने जायचे हे तिकिटावरच छापता येते आणि ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला घरातून निघण्याचे कारणच उरत नाही. गर्दी दारावर रोखण्यापेक्षा ती उगमापाशीच कमी होते.

जिना क्रमांक तेरा

असा निर्णय घेण्याइतके भान तेव्हा आले होते, कारण चारच वर्षांपूर्वी स्कॉटलंडने मोठी किंमत मोजली होती. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोमधील आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक या संघांचा फुटबॉल सामना संपत असताना ‘जिना क्रमांक १३’वर ६६ जण चिरडून मरण पावले. शेवटच्या क्षणी गोल झाल्याचा जल्लोष ऐकून बाहेर पडलेले लोक उलटे फिरले आणि दोन लोंढे एकमेकांवर आदळले, अशी समजूत पुढे अनेक वर्षे रूढ होती. चौकशीत ती टिकली नाही. सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते. कोणी तरी अडखळले आणि मागून येणारा भार थांबू शकला नाही. याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघांचा बळी गेला होता आणि त्यानंतरही अपघात घडले होते.

महाराष्ट्राला हे चित्र अनोळखी नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर, भर पावसात, २३ प्रवाशांनी प्राण गमावले. तो पूल अपुरा असल्याचे प्रवासी आधीपासून सांगत होते. लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल पाच महिन्यांत उभा राहिला. त्याआधी, जानेवारी २००५ मध्ये, वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक दगावले होते. ठिकाणे निराळी असली तरी कारणाचा सांगाडा एकच दिसतो : अरुंद वाट, थांबायला जागा नाही आणि पुढे काय घडले आहे ते मागच्यांना कळत नाही.

गर्दीचे गणित

आयब्रॉक्सनंतर न्यायमूर्ती लॉर्ड व्हीटली यांनी केलेल्या शिफारशींवरून ब्रिटनमध्ये १९७५ चा क्रीडामैदान सुरक्षा कायदा झाला. त्याआधी १९७३ मध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. ‘ग्रीन गाइड’ या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तिका वेळोवेळी सुधारली जाते आणि अनेक देशांत प्रमाण मानली जाते. कायदा झाला तरी दुर्घटना थांबल्या नाहीत. एप्रिल १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या दुर्घटनेतील बळींची संख्या ९७ झाली. त्यानंतर बसण्याच्या जागांची सक्ती आणि अधिक कडक देखरेख आली. मरेफील्डही १९९४ पर्यंत पूर्णपणे आसनांचे मैदान बनले.

या पुस्तिकेतील मूळ कल्पना कोणालाही समजेल अशी आहे. मैदानाची क्षमता म्हणजे केवळ खुर्च्यांची संख्या नव्हे. किती लोक मावतात, एका तासात किती लोक आत येऊ शकतात, सामना संपल्यावर ठरावीक वेळेत किती बाहेर पडू शकतात आणि संकटकाळी किती जणांना हलवता येते, असे चार आकडे काढायचे. त्यांपैकी सर्वांत लहान आकडा हीच त्या मैदानाची खरी क्षमता. फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत जातात, असे ही पुस्तिका धरते. सर्वसाधारण परिस्थितीत बाहेर पडण्यासाठी आठ मिनिटांची मर्यादा ती सांगते.

हाच हिशेब ३५ हजारांच्या मैदानाला लावून पाहता येईल. एका तासात सर्वांना आत घ्यायचे तर किमान ५४ फाटके एकाच वेळी चालू हवीत. तेवढी फाटके अखंड चालली आणि आत अमर्याद जागा आहे असे मानले, तरी दोन लाख लोकांना आत जायला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागेल. फाटके कमी उघडली किंवा उशिरा उघडली तर उरलेली माणसे रस्त्यावर साचत जातात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की कोणाचेही पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. गर्दी द्रवासारखी हेलकावू लागते. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने होत नाहीत. उभ्या-उभ्याच छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने होतात. म्हणूनच ‘लोक बेशिस्त होते’ हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. दाब मागून येतो आणि मागच्याला पुढचा माणूस दिसतही नसतो.

चिन्नास्वामीची अडचण

बेंगळुरूतील दुर्घटनेनंतर कर्नाटक सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकेल डी’कुन्हा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. मैदानाची रचनाच मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी अयोग्य आणि असुरक्षित असल्याचा निष्कर्ष आयोगाने जुलै २०२५ मध्ये दिला. प्रवेशद्वारे थेट पदपथावर उघडतात, त्यामुळे रांगा पदपथावर किंवा रस्त्यावरच लागतात, हे त्यातील महत्त्वाचे निरीक्षण होते. रस्त्यापासून आत रांगांसाठी राखीव जागा, पुरेशी दारे, सार्वजनिक वाहतुकीशी जोड आणि आपत्कालीन योजना असलेल्या ठिकाणी मोठे सामने हलवावेत, असे आयोगाने सुचवले. त्याच वर्षीच्या महिला विश्वचषकासाठी बेंगळुरूऐवजी नवी मुंबईचे डी. वाय. पाटील मैदान निवडण्यात आले आणि २ नोव्हेंबरला भारताने तेथेच विजेतेपद मिळवले. गर्दी नियंत्रणासाठी स्वतंत्र विधेयकही कर्नाटक विधिमंडळात मांडण्यात आले.

चिन्नास्वामीवर १९७४ मध्ये पहिली कसोटी झाली तेव्हा भोवतालचे शहर आजच्यापेक्षा कितीतरी लहान आणि निवांत होते. मैदान शहराच्या मध्यभागी असणे हा तेव्हा गुण होता आणि आजही आहे. मुंबईचे वानखेडे चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे; मरेफील्डही हेमार्केट रेल्वे स्थानकापासून दीडेक किलोमीटरवर आहे आणि २०१४ पासून विमानतळाहून येणारी ट्राम थेट त्याच्या दाराशी थांबते. म्हणजे दोष जवळीकतेचा नाही. मैदानाचे दार आणि स्थानक यांच्यामधल्या पट्ट्याचा धनी कोण, हा खरा प्रश्न आहे. ४ जूनला बेंगळुरू मेट्रोने नऊ लाखांहून अधिक प्रवासी वाहिले. वाहतूक यंत्रणा माणसे आणत होती. ती माणसे पुढे कुठे थांबतील, याचे उत्तर तिच्याकडे असण्याचे कारण नव्हते. ब्रिटनमध्ये या मधल्या पट्ट्याला ‘झोन एक्स’ असे नाव आहे. त्याचे नियोजन मैदानाचे व्यवस्थापन, पोलीस, नगरपालिका आणि वाहतूक संस्था यांनी एकत्र बसून करावे, अशी अपेक्षा आहे. भारतातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली आहे. अशी मार्गदर्शिका प्रत्येक सामन्याच्या परवानगीची अट बनली तरच तिचा उपयोग होतो.

प्रेक्षकाच्या हाती काय?

पहिल्यांदा जाणाऱ्याने काही गोष्टी पाळल्यास धोका कमी होतो. तिकीट हाती नसताना मैदानाकडे जाऊ नये. समाजमाध्यमांवरील ‘मोफत प्रवेश’ हे तिकीट नव्हे. आपला दरवाजा क्रमांक आणि तिथवरचा रस्ता आदल्या दिवशीच नकाशावर पाहून ठेवावा. दारे उघडण्याच्या सुमारास पोहोचावे. परतीच्या गाडीची वेळ सामना संपण्याच्या वेळेला खेटून ठेवू नये. सोबत्यांशी चुकामूक झाल्यास भेटायचे ठिकाण मैदानापासून दूरचे ठरवावे, कारण दाटीत मोबाइलचे जाळे कोलमडते. गर्दी दाटत असल्याचे जाणवताच, हात हलवता येत आहेत तोवरच, बाजूने बाहेर पडावे. अडकल्यास दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याला विरोध न करता त्याच्या ओघाने तिरके कडेला सरकावे आणि खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये.

तरीही प्रेक्षकाच्या सावधपणाला मर्यादा आहेत. जिना किती रुंद असावा, फाटक केव्हा उघडावे, हे तो ठरवत नाही. आयब्रॉक्सनंतर कायद्याला चार वर्षे लागली. हिल्सबरोच्या कुटुंबांना, मृतांचा दोष नव्हता एवढे न्यायालयीन चौकशीच्या निकालातून ऐकण्यासाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. बेंगळुरूत जबाबदारी निश्चित करण्याचे काम न्यायालय आणि तपास यंत्रणांचे आहे. महाराष्ट्रासमोर मात्र २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ उभा आहे. २००३ मध्ये याच नाशिकच्या सिंहस्थात अरुंद वाटेवर ३९ भाविकांचा बळी गेला होता. तिथेही लाखो जण पहिल्यांदाच त्या गावात पाऊल ठेवणार आहेत, आणि वाट किती रुंद आहे हे त्यांच्याआधी दुसऱ्या कोणी तरी मोजून ठेवायचे आहे.