ठेका आणि ठोका

(द्वितीय वर्ष, कला)

संगीत ऐकले की मन प्रसन्न होते, हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेच्या निबंधात कधी ना कधी लिहिलेले आहे. मीही लिहिले होते आणि दहापैकी सात गुण मिळवले होते. परंतु मन प्रसन्न होते तेव्हा शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला आमच्या अण्णांमुळे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. शेती करतात आणि गावच्या भजनी मंडळात गेली चाळीस वर्षे पखवाज वाजवतात. गेल्या श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. तालुक्याहून जिल्ह्याला नेले. हृदयविकाराचा झटका होता. दैवाची कृपा आणि वेळेवर मिळालेले उपचार, यामुळे ते घरी परत आले. निघताना डॉक्टरांनी बजावले, ‘‘तीन महिने पखवाज बंद. ऐकायला हरकत नाही.’’ गोळ्यांची यादी अण्णांनी मुकाट्याने ऐकून घेतली, पण या वाक्याला मात्र त्यांचा चेहरा उतरला.

घरी आल्यावर दोन पक्ष पडले. मंडळाचे बुवा म्हणाले, ‘‘भजनाने कुणाचे वाईट झाले आहे का? त्याला देवळात आणून बसवा, आपोआप बरा होईल.’’ चुलते म्हणाले, ‘‘मुळीच नको. पखवाज कडाडला की धडधाकट माणसाचे काळीज धडधडते, तिथे दुखऱ्या काळजाचे काय?’’ मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. चुलते म्हणाले, ‘‘तू एवढी शिकतेस, तर तूच सांग.’’

मला काहीच सांगता आले नाही. तेव्हा वाटलेली लाज अजून आठवते. सुट्टी संपवून परत आल्यावर मी हा प्रश्न आमच्या मानसशास्त्राच्या सरांना विचारला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. वाचायला इंग्रजी लेख काढून दिले. एकेका पानाला मला एकेक संध्याकाळ लागली. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी डॉक्टर नव्हे, की गायिकाही नव्हे. चूकभूल जाणकारांनी पदरात घ्यावी.

ठोका कोण देतो?

आपले हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. ७२ धरले तरी दिवसाचे १,०३,६८० होतात! हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याला ‘सायनस नोड’ म्हणतात. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी त्याचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याचा विद्युत्-संदेश येथूनच निघतो. म्हणजे हृदयाला स्वतःचा ठेका आहे, तो बाहेरून कुणी द्यावा लागत नाही.

हा पुंजका अगदी मोकळा सोडला तर मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. पण तो मोकळा नसतो. बैल पळवायला चाबूक आणि आवरायला कासरा, तसे येथेही दोन प्रकारचे मज्जातंतू असतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू कासऱ्याचे काम करतो, ठोके आवरतो. दुसरी, अनुकंपी म्हणतात ती मज्जासंस्था, चाबूक उगारते. भीती, राग, आनंद, श्रम यांच्या वेळी ती ठोके वाढवते. आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा कासरा ताणलेला असतो, म्हणून ठोके शंभरावर न जाता साठ-सत्तरच्या घरात राहतात. या दोघांच्या ओढाताणीतून क्षणोक्षणीचा वेग ठरतो.

आता संगीताकडे येऊ. कानावर पडलेला सूर आधी मेंदूत जातो. तिथून कासरा ताणायचा की चाबूक उगारायचा, याची आज्ञा निघते. म्हणजे गाणे हृदयाला थेट हात लावीत नाही, मध्ये मेंदू आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे होते.

हृदय ठेका धरते का?

संगीताचा रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो, हे उपकरणांनी मोजण्याची धडपड जुनी आहे. रशियातील कझान येथील शरीरशास्त्रज्ञ योहान डोगिएल यांनी १८८० साली माणसांवर आणि प्राण्यांवर असे प्रयोग करून निबंध प्रसिद्ध केला. सूर ऐकताना रक्तदाब वर-खाली होतो, ठोके बहुधा वाढतात आणि हा परिणाम माणसागणिक वेगळा असतो, असे त्यांना आढळले.

त्यानंतर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतला एक मला फार आवडला. इटलीतील पाविया येथील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ साली ‘हार्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी चोवीस माणसे घेतली. बारा संगीत शिकलेली, बारा न शिकलेली. त्यांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत होते, यंत्रांवरचे धडाक्याचे नाचाचे संगीत होते, आणि आपल्याकडचे संथ रागसंगीतही होते. मध्येच दोन मिनिटे काहीच न ऐकवता शांत बसवले. हे सारे चालू असताना श्वास, रक्तदाब आणि ठोके मोजले.

लय जलद असली की श्वास, रक्तदाब आणि ठोके वाढले. संगीत कोणत्या जातीचे आहे यापेक्षा त्याची लय काय आहे, याला अधिक महत्त्व होते. ऐकणाऱ्याला ते आवडते की नाही, यानेही फारसा फरक पडला नाही. संथ संगीताने शरीर निवण्याकडे झुकले. पण सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. शरीर सर्वांत जास्त निवले ते त्या दोन मिनिटांच्या शांततेत! संगीत सुरू होण्यापूर्वी ठोके आणि रक्तदाब जेवढे होते, त्याच्याही खाली गेले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. गाण्यातली विश्रांती गाणे थांबल्यावर मिळते, असे कुणी सांगितले असते तर मला खरे वाटले नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जलद लयीने ठोके वाढतात याचा अर्थ हृदय ठेक्याबरोबर धावते असा नव्हे. मिनिटाला दीडशे मात्रांचे गाणे ऐकून बसल्या जागी कुणाची नाडी दीडशे होत नाही. फरक पडतो तो थोड्या ठोक्यांचा. टाळकरी मृदंगाला साथ करतो तशी साथ हृदय करीत नाही. चुलत्यांची भीती ही या गैरसमजातून आलेली होती.

श्वासाची वाट

मग लयीचा परिणाम होतो तरी कसा? त्याची एक मोठी वाट श्वासातून जाते. श्वास आत घेताना आपले ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित संथ. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हे नोंदले होते. जलद लय ऐकली की श्वास नकळत जलद होतो, आणि त्याच्यामागोमाग हृदय.

उलट, लांब ओळी संथपणे म्हटल्या की श्वासही लांबतो. २००१ साली बर्नार्दी यांनीच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तेवीस माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला. धर्म दोन, भाषा दोन, पण दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाच्या आपोआप येणाऱ्या लाटाही साधारण तेवढ्याच संथ असतात, त्यामुळे श्वास, रक्तदाब आणि ठोके एका लयीत आले.

माणसे एकत्र गातात तेव्हा काय होते? स्वीडनमधील योटेबोरी येथील संशोधकांनी २०१३ साली तरुण मुलांना समूहात गायला लावून पाहिले. सगळ्यांना एकाच ठिकाणी श्वास घ्यावा लागतो, म्हणून सगळ्यांचे ठोके एकाच वेळी थोडे चढतात आणि एकाच वेळी थोडे उतरतात. अभंगाचे धृपद पन्नास जण एका दमात म्हणतात, तेव्हा आपल्या देवळातही हेच होत असले पाहिजे, असे मला वाटते.

शब्द न कळणाऱ्यांवरही हा परिणाम होतो. २०१३ सालीच न्यूयॉर्कच्या परिसरातील अकरा रुग्णालयांत दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या २७२ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगाई गायली जात असताना त्यांच्या हृदयाचे ठोके संथ झाले. ती अंगाई आई-वडिलांच्या आवडीचे कोणतेही गाणे संथ करून गायलेली होती. आपल्या आज्यांना हे संशोधन सांगावे लागणार नाही!

आपल्या पूर्वजांनीही सूर आणि हृदय यांचा संबंध जोडला होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नादाचा विचार करण्यापूर्वी शरीराचा विचार केला आहे आणि मंद्र सप्तकाचे स्थान हृदय सांगितले आहे. आजचे शरीरशास्त्र हे जसेच्या तसे मानणार नाही. पण गाणे समजायचे तर आधी देह समजावा, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला.

औषध म्हणावे का?

आता बुवांच्या म्हणण्याकडे. संगीताने हृदयरोग बरा होतो का? २०१३ साली कोक्रेन या संस्थेने हृदयरुग्णांवरील २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १,३६९ रुग्ण होते. संगीत ऐकल्याने रुग्णांची चिंता काहीशी कमी होते, ठोके आणि रक्तदाब थोडे उतरू शकतात, असे त्यात दिसले. पण ही घट लहान आहे. गाण्याने तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी होत नाही. म्हणजे गाणे हा चांगला सोबती आहे, पण गोळीची जागा ते घेऊ शकत नाही.

आणि ऐकणे वेगळे, वाजवणे वेगळे. तासभर पखवाज वाजवणे म्हणजे दोन्ही हातांचे आणि खांद्यांचे कष्ट. डॉक्टरांनी बंदी घातली होती ती या कष्टांवर. बुवा आणि चुलते दोघेही अर्धे बरोबर होते, आणि डॉक्टरांचे एक वाक्य पूर्ण बरोबर होते. आम्ही कुणीच ते नीट ऐकले नव्हते.

कार्तिकी एकादशीला मी अण्णांना घेऊन देवळात गेले. ते खांबाला टेकून बसले. पखवाज माझ्या चुलतभावाकडे होता. त्याने धुमेला कणीक लावली तेव्हा अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. मी त्यांचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. भजनापूर्वी ६४. ठोके आवरणारी गोळी त्यांना चालू आहे, म्हणून मुळातच कमी. शेवटी गजर टिपेला पोचला, सारे देऊळ दणाणले, तेव्हा ७२. गजर थांबला. कुणी बोलेना. त्या शांततेत पुन्हा मोजली, ६१. एका माणसाच्या एका रात्रीच्या मोजणीला प्रयोग म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु अण्णांचे मनगट हातात असताना ते आकडे मला कुठल्याही तक्त्याहून खरे वाटले.

वाचकांनीही हे करून पाहावे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. मग जलद गाणे, संथ गाणे आणि शेवटी शांतता, असे क्रमाने मोजावे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तीन महिन्यांनी तपासणी झाली आणि अण्णांना थोडे थोडे वाजवण्याची परवानगी मिळाली. आता सुरुवातीचे संथ अभंग ते वाजवतात आणि गजराला पखवाज चुलतभावाकडे देतात. मी त्यांना इटलीतल्या प्रयोगाची हकिगत सांगितली. गाणे थांबल्यावर काळीज सर्वांत जास्त निवते, हेही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘पोरी, गजर झाल्यावर आम्ही लगेच उठत नाही, ते उगीच का?’’