कागद ज्याच्या हाती, माल त्याचा!

लाँड्रीची पावती कधी हरवलीय? मग पुढचा सीन तुम्हाला पाठ असेल. शर्ट समोर हँगरला लटकतोय. तो तुमचाच आहे हे तुम्हाला माहितेय, लाँड्रीवाल्यालाही माहितेय. तरी तो शांतपणे म्हणतो, 'पावती आणा.' आता शर्टाच्या जागी चाळीस फुटी कंटेनर ठेवा, लाँड्रीच्या जागी जहाज कंपनी आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जागी रॉटरडॅमचं बंदर. त्या पावतीला म्हणतात बिल ऑफ लॅडिंग. धंद्यातली मंडळी घाईत असतात, ती नुसतं 'बीएल' म्हणतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण रोज हाच कागद टाइप करत असतील. बेलापूर, अंधेरी, ठाणे... कुठल्याही शिपिंग किंवा एक्स्पोर्टच्या ऑफिसात डोकवा. एका कोपऱ्यात 'डॉक्युमेंटेशन' नावाचं खातं असतं. तिथे एसी सगळ्यात थंड आणि डोकी सगळ्यात गरम! शिपर, कन्साइनी, नोटिफाय पार्टी, कंटेनर नंबर, सील नंबर... रकाने भरा, ड्राफ्ट पाठवा, करेक्शन घ्या, पुन्हा पाठवा. बोअर वाटतं ना?

पण या कागदात किती ताकद आहे, हे मला नीट समजलं ते डोळखांबला. होय, आजोबाच्या ट्रेकला जाताना वाटेत लागतं तेच, शहापूर तालुक्यातलं. समुद्राचा वारासुद्धा लागत नाही तिथे. पण या पट्ट्यातली भेंडी परदेशी जाते. आणि जाते ती नेमका हा कागद न घेता!

एक कागद, तीन कामं

आधी बेसिक फंडा क्लिअर करूया. बीएल तीन कामं करतं. पहिलं, पावतीचं. जहाज कंपनी लिहून देते की अमुक माल, इतके नग, बाहेरून ठीकठाक स्थितीत मिळाला. खोकी फाटकी असतील तर तसा शेरा मारते. मग ते 'क्लीन' बीएल राहत नाही आणि बँक नाक मुरडते. दुसरं काम कराराच्या पुराव्याचं. माल कुठून कुठे आणि कोणत्या अटींवर न्यायचा, ते त्यात असतं. आणि तिसरं, सगळ्यात भारी! हा मालकीहक्काचा दस्तऐवज आहे. म्हणजे माल भर समुद्रात असतानाही विकता येतो. 'टू ऑर्डर' बीएलच्या मागे सही करून कागद दुसऱ्याच्या हातात दिला, की माल सोडवायचा हक्क त्याचा. आपल्या ट्रकवाल्याची बिल्टी आठवा. तिचीच ही समुद्रावरची थोरली बहीण.

मूळ प्रती सहसा तीन निघतात. एक दाखवून माल सुटला की उरलेल्या दोन रद्दीत. आणि हो, शिपिंग बिल वेगळं हं! ते निर्यातदार कस्टम्सकडे दाखल करतो, बीएल जहाज कंपनी देते. या दोहोंत गल्लत करणारे ऑफिसात रोज भेटतात.

आपल्याकडचा याचा कायदा १८५६ चा. बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि मुंबई विद्यापीठ अजून निघायचं होतं. अवघ्या तीन कलमांचा तो कायदा १६९ वर्षं टिकला. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लॅडिंग कायदा आणला. तत्त्व मात्र तेच राहिलं. कागद रीतसर ज्याच्याकडे आला, मालाबद्दल दावा लावण्याचा हक्कही त्याच्याकडे आला.

कागद आणि जहाजाची रेस

माझी एक मैत्रीण बेलापूरला डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, आसनगावहून रोज अपडाऊन करते. ती म्हणते, 'बँक माल बघतच नाही गं. ती फक्त कागद बघते.' अगदी शब्दशः खरं. लेटर ऑफ क्रेडिटचे जगभर चालणारे नियम, म्हणजे यूसीपी ६००, जुलै २००७ मध्ये लागू झाले. त्यात साफ लिहिलंय की बँकांचा व्यवहार कागदपत्रांशी, मालाशी नव्हे. माल रवाना झाल्यावर एरवी २१ दिवसांच्या आत कागद बँकेत द्यायचे, बँकेने जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवसांत तपासायचे. बीएलवर एक लिहिलंय आणि एलसीत दुसरंच, की पडली 'डिस्क्रेपन्सी'! द्राक्षं गोड आहेत की आंबट, याच्याशी बँकेला काही देणंघेणं नाही.

नाशिकची द्राक्षं घेऊन न्हावाशेवाकडे निघालेले थंडगार कंटेनर शहापूरच्या हायवेवरूनच जातात. युरोपला पोचायला त्यांना काही आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बऱ्याच कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला आणि हा प्रवास आणखी दहा-पंधरा दिवसांनी लांबला. या रेसमध्ये कागद आरामात जिंकतो. तो कुरिअरने, विमानाने जातो. खरेदीदार पैसे भरतो, कागद घेतो आणि धक्क्यावर जहाजाची वाट बघत बसतो.

दुबईला उलटं होतं. न्हावाशेवाहून जहाज तीन-चार दिवसांत जेबेल अलीला हजर, आणि कागद अजून बँकेच्या टेबलावर! म्हणून मग 'टेलेक्स रिलीज' करतात. मूळ बीएल इथेच कंपनीला परत द्यायचं आणि कंपनी तिकडे निरोप धाडते, 'कागदाशिवाय माल सोडा.' टेलेक्सची मशीनं केव्हाच भंगारात गेली, निरोप ईमेलने जातो, नाव मात्र चिकटून राहिलं. सोय झकास आहे. पण पैसे आलेले नसतील, तर आपली एकुलती एक दोरी आपणच सोडून दिली, हे विसरायचं नाही.

भेंडीला दोरीच नाही

आता चला डोळखांबला. कसारा लोकलने आसनगाव, तिथून शहापूर डेपो आणि मग डोळखांबची एसटी. हा भाताचा पट्टा. कापणी झाली की ज्याच्याकडे पाणी आहे तो भाजीपाला लावतो, आणि शहापूर-मुरबाडकडे भाजीपाला म्हटला की भेंडी आलीच. एक्स्पोर्टला भेंडी कोवळी लागते. ताठ, हिरवीगार, एकही डाग नको. सकाळी उन्हाच्या आत तोडायची. हाताला खाज सुटते म्हणून हातमोजे घालायचे आणि एक दिवस चुकला की ती जून झालीच म्हणून समजा.

इतका नाजूक जीव जहाजाने जाणार कसा? ती विमानाने जाते. आणि विमानात बीएल नसतं, एअर वे बिल असतं. दिसायला सख्खी भावंडं. दोघांवर तसेच रकाने, तशाच सह्या. पण एअर वे बिल फक्त पावती आणि करार आहे, मालकीचा दस्तऐवज नाही. ते सही करून दुसऱ्याला विकता येत नाही. ज्याचं नाव कन्साइनी म्हणून छापलंय, तो आपली ओळख दाखवून माल घेऊन जातो. मूळ कागद परत द्यायची गरजच नाही. सावध निर्यातदार कन्साइनी म्हणून बँकेचं नाव घालू शकतो. पण भेंडी तिकडे बँकेच्या कारभाराची वाट बघत बसली तर तिची भाजीही व्हायची नाही! म्हणून हा धंदा बहुतेक विश्वासावर, नाहीतर अॅडव्हान्सवर चालतो.

या विश्वासाच्या साखळीत शेवटची कडी कोण? बांधावर मला भेटलेले एक काका. 'गाडी येते, क्रेट जातात,' ते म्हणाले. 'तिकडं काय झालं कुणाला ठावं? दोन दिवसांनी फोन येतो, एवढा माल उडाला. उडाला म्हंजे उडाला. आमी काय दुबईला बघायला जाणार?'

एअर वे बिलावर 'शिपर' म्हणून निर्यातदाराचं नाव असतं. काकांचं नाव त्यावर कुठेच नाही. माल खराब निघाल्याचा धोका मात्र फिरून त्यांच्याच बांधावर येतो.

पहिला कागद सातबारा

शेतकरी सगळ्याच कागदांतून गायब आहे, असंही नाही. युरोपला भाजी पाठवायची तर शेताची नोंदणी लागते. कृषी खात्याकडे अर्ज करायचा, अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीत शेताला नंबर मिळतो. मग कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. युरोपीय संघ याबाबत किती कडक आहे ते आपण १ मे २०१४ ला बघितलं. फळमाशी सापडल्यामुळे हापूससकट भारतीय आंबा आणि वांगं, कारलं, पडवळ, अळू यांना दारं बंद! आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली, भाज्यांना त्याहून जास्त थांबावं लागलं. भेंडीची अडचण वेगळी, कीटकनाशकांच्या अंशांची. २०१९ च्या युरोपीय नियमावलीत भारतीय भेंडी जादा तपासणीच्या यादीत होती. तपासणीत काही सापडलं, तर नंबरावरून थेट शेतापर्यंत पोचता येतं.

म्हणजे गंमत बघा. जबाबदारी शोधायची तर शेताचा पत्ता कागदावर आहे. पैसे शोधायचे तर नाही.

आणि त्या नोंदणीच्या अर्जाला काय जोडायचं? सातबारा, आठ-अ आणि शेताचा नकाशा. इथे पाय अडकतो. डोळखांबच्या पलीकडे आजोबाचा डोंगर, आणि इकडे कितीतरी सातबाऱ्यांवर आजोबांचंच नाव! वारस नोंद राहिलेली, वाटण्या तोंडी झालेल्या. काही आदिवासी कुटुंबांच्या वनपट्ट्याचा दावाच मंजूर झालेला नसतो. राबणारा एक, कागदावर दुसरा. अशा शेतातली भेंडी कितीही देखणी असली तरी युरोपच्या रांगेत उभी राहू शकत नाही. ती कल्याणच्या मार्केटला जाते, मिळेल त्या भावाने.

मग कागदच काढून टाकला तर?

शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. नोटा मोबाइलमध्ये जातात, तर बीएल का नाही? जायला लागलंय. ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा करून इलेक्ट्रॉनिक बीएलला कागदाइतकाच मान दिला. त्याच वर्षी जगातल्या नऊ मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २०३० पर्यंत पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक व्हायचं जाहीर केलं. अडचण एकच. ईमेल फॉरवर्ड केला की तो दोघांकडे राहतो. बीएल एका वेळी एकाच्याच हातात असायला हवं, नाहीतर एकच माल दोघांना विकला जाईल. म्हणून सगळी अक्कल त्या 'एकमेव मूळ प्रती'वर खर्च होते.

पण काकांच्या घरी यावरचा उपाय मला दोनशे पानी वहीत सापडला. त्यांची मुलगी शहापूरला कॉमर्सला आहे. तारीख, क्रेट किती, वजन किती, शेताचा नंबर, गाडीचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात ड्रायव्हरची सही. सुरुवातीला ड्रायव्हर कुरकुरला. 'सही नाही तर क्रेट नाही,' असं पोरीनेच सुनावलं. आता माल 'उडाला' की ती विचारते, कोणत्या तारखेचा, कोणत्या गाडीतला, किती क्रेट? निम्म्या वेळा समोरचा गडबडतो, असं तिचं म्हणणं.

बीएलचा जन्म तरी कुठे न्यायालयात झाला? शेकडो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर एक कारकून असायचा. कोणाचा काय माल चढला ते तो वहीत लिहायचा. पुढे व्यापारी त्या नोंदीची नक्कल मागू लागले आणि त्या नकलेचंच बीएल झालं. डोळखांबची ही वही अजून पहिल्या पायरीवर आहे. तिच्यावर बँक पैसे देणार नाही. पण ड्रायव्हरच्या सहीखाली आता मुलगी कार्बन पेपर घालते, आणि एक प्रत निर्यातदाराकडे जाते.