फिर्यादीतले एक वाक्य

आपल्यासारख्या पांढरपेशा माणसावर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचा प्रसंग आयुष्यात एकदोनदाच येतो. पासपोर्टची चौकशी, हरवलेला मोबाईल, फार तर गाडीचा किरकोळ अपघात. त्यामुळे तिथे दिलेल्या कागदाचे वजन किती असते, याची आपल्याला कल्पनाच नसते. मलाही नव्हती. बँकेच्या नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या आणि दुसऱ्यांच्या तितक्याच तपासल्या. पण २०२४ च्या ऑक्टोबरात केलेल्या एका सहीने मला जे शिकवले, ते त्या सबंध नोकरीने शिकवले नव्हते.

त्याचे असे झाले. दसऱ्याला आम्ही दोन दिवस मुलीकडे नाशिकला गेलो होतो. परत आल्यावर चार दिवसांनी आमच्या सौभाग्यवतींनी कपाट उघडले, तर त्यांच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, सोन्याची पाटली जागेवर नाही. सारे घर पालथे घातले. पाटली नाहीच. मग अशा वेळी बहुतेक घरांत जे होते तेच आमच्याकडे झाले. घरात येणारे बाहेरचे माणूस एकच. धुणेभांडी करणाऱ्या बाई. नऊ वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या, आमच्या नातवाचा पाळणाही त्यांनी हलवला होता. पण सोन्यापुढे नऊ वर्षे हलकी ठरली.

ठाण्यात जाण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोललो. ते म्हणाले, "अहो, नुसता संशय लिहून देऊन काय होणार? पोलिसांना असे छप्पन्न अर्ज येतात. कपाटापाशी पाहिलं म्हणा, म्हणजे हालचाल होईल."

मी तसेच सांगितले. 'परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बाईला कपाट उघडताना पाहिले,' असे एक वाक्य माझ्या फिर्यादीत उतरले. खरे सांगायचे तर त्या दुपारी मी जेवून गाढ झोपलो होतो.

फिर्याद लिहून झाल्यावर हवालदारांनी ती मला वाचून दाखवली. त्या वाक्यापाशी ते थांबलेसुद्धा. "नक्की पाहिलंत ना, काका?" मी "हो" म्हणालो आणि सही केली. फिर्यादीची एक प्रत मला तिथेच मोफत मिळाली. तो माझा हक्कच होता. पण हक्काबरोबर जबाबदारीही त्याच कागदावर असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

डाळीचा डबा

दुसऱ्या दिवशी एक हवालदार आणि एक महिला पोलीस बाईंच्या घरी गेले. पंचांसमोर झडती झाली. ट्रंक उघडली, गाद्या उलटल्या, तांदळाचा डबा परातीत ओतला. काही सापडले नाही. सगळी गल्ली दारात उभी होती. हे मला मागाहून कळले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ भाजायला काढली. डबा रिकामा होत आला, आणि तळाशी हातरुमालात बांधलेली पाटली निघाली. नाशिकला निघायच्या गडबडीत कपाटातून काढून तिनेच ती तिथे ठेवली होती आणि साफ विसरून गेली होती. "अहो..." एवढाच शब्द तिच्या तोंडून फुटला आणि ती खाली बसली.

आनंद व्हायला हवा होता. आम्ही दोघे डाळीकडे बघत बसलो.

संध्याकाळी शेजारी म्हणाले, "मिळाली ना? मग आता गप्प बसा. तपास लागला नाही म्हणून पोलीस आपोआप कागद बंद करतील. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" हा सल्ला मला पटला नाही असे म्हणेन, तर ते दुसरे खोटे होईल. रात्रभर तो पटतच होता.

सकाळी मी माझ्या शाळेतल्या मित्राकडे गेलो. तो फौजदारी वकील. फिर्यादीची प्रत त्याने दोनदा वाचली आणि विचारले, "पाटली चोरीला गेली असं तुला खरंच वाटलं होतं?"

"देवाशप्पथ."

"मग ती चूक. चुकीला कायदा शिक्षा करत नाही. आता हे कपाटाचं वाक्य. पाहिलं होतंस?"

मी मान खाली घातली.

"मग हे खोटं. अरे, फिर्याद चुकीची निघणं आणि खोटी असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि ते अंतर तू एका वाक्यात तोडलंस."

कायदा काय म्हणतो?

त्या सकाळी मित्राने जे समजावून दिले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्यातले कलम २१७ आपल्या विषयाचे. माहिती खोटी आहे हे ठाऊक असताना ती सरकारी नोकराला द्यायची, आणि त्याने आपला अधिकार वापरून दुसऱ्याला त्रास द्यावा असा हेतू ठेवायचा, किंवा तसे होईल हे जाणून असायचे, हा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात याचे कलम १८२ होते आणि शिक्षा सहा महिने किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढीच होती.

या जुन्या कलमाखाली एक मोठे बोलके उदाहरण दिलेले होते. एक इसम पोलिसाला खोटेच सांगतो की, अमुक गावाजवळ मला मारहाण करून लुटले. तो कोणाचे नाव घेत नाही. तरीही तो गुन्हेगार. कारण पोलीस त्या गावात चौकश्या करणार, झडत्या घेणार आणि गावकऱ्यांना त्रास होणार, हे तो जाणून आहे. "मी कुठे कुणाचं नाव घेतलं?" ही सबब चालत नाही. गर्दीत पडलेला मोबाईल 'गहाळ झाला' असे न लिहिता विम्यासाठी 'हिसकावून नेला' असे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे कलम २४८. आधार नाही हे जाणूनही, एखाद्याला इजा पोहोचवण्याच्या हेतूने त्याच्यावर गुन्ह्याचा खोटा आरोप केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्याचा खोटा खटला उभा केला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

"पण पोलिसांनी आधी खातरजमा का केली नाही?" मी विचारले.

मित्र हसला. "कारण तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणं त्यांना भाग होतं. दखलपात्र गुन्हा घडल्याचं फिर्यादीतून दिसलं की ती नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलंय. नोकरानं मालकाच्या घरी चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. तेवढं मोठं चाक तू एका वाक्यानं फिरवलंस."

ज्याच्यावर आळ येतो त्याची बाजू मात्र अवघड असते. कलम २१७ खालचा खटला तो स्वतः परस्पर दाखल करू शकत नाही. संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. खटला चालून निर्दोष सुटला, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो, पण सुटल्यापासून एक वर्षाच्या आत. धुणेभांडी करणाऱ्या बाईने हे सारे केव्हा करावे आणि कोणाच्या पैशांनी?

अ, ब आणि क

"गप्प बसलो तर?" मी शेवटी विचारलेच.

त्याने सांगितले की, आपल्या महाराष्ट्रात आरोपपत्र न देता तपास बंद करायचा असला, की पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे 'समरी' पाठवतात. 'अ' म्हणजे गुन्हा घडला खरा, पण उलगडा झाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची.

"तू गप्प बसलास तर 'अ' होईल. म्हणजे सरकारी कागदावर पाटली चोरीलाच गेलेली राहील, आणि त्याच कागदात त्या बाईचं नाव राहील. जन्मभर."

मग मी विचारले, "आणि गेलो तर मला शिक्षा होईल?"

"होणार नाही अशी हमी मी देणार नाही. पण उशीर करशील तितकं ते वाक्य जड होत जाईल."

त्याच दुपारी पाटली घेऊन, मित्राला सोबतीला घेऊन ठाण्यात गेलो. पुरवणी जबाब दिला. पाटली डाळीत सापडली हेही सांगितले, आणि ते वाक्य खोटे होते हेही सांगितले. अधिकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी 'क' समरी पाठवली आणि ती मंजूर झाली. माझ्याविरुद्ध तक्रार झाली नाही. ते माझे नशीब. माझा हक्क नव्हे.

ठाण्यातून आम्ही दोघे नवराबायको बाईंच्या घरी गेलो. पत्नीने फराळाचा डबा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. मी हात जोडून बोलू लागलो, तसे त्यांनी मला थांबवले.

"घरात नका सांगू, दादा. झडती झाली तवा जे बघत होते, त्यांच्यासमोर सांगा."

मी गल्लीत उभा राहिलो. माणसे जमली. पाटली कुठे सापडली ते सांगितले. कपाटापाशी मी कोणालाही पाहिले नव्हते, हेही सांगितले. कोणी काही म्हणाले नाही. एका म्हातारबाईंनी फक्त विचारले, "मग लिहिलंत कशापायी?" त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

बाई आमच्याकडे पुन्हा कामाला आल्या नाहीत. त्यांना दुसरी कामे मिळाली, एवढे कळले आहे.

वाचकहो, सणासुदीचे दिवस आहेत, घराघरांतून दागिने बाहेर निघतील. ईश्वर करो आणि कोणाचे काही न हरवो. हरवलेच, तर फिर्याद अवश्य द्या. खऱ्या फिर्यादीला भिण्याचे मुळीच कारण नाही. संशय असेल तर 'संशय आहे' असेच लिहा, आणि तो का आहे तेही लिहा. पाहिले असेल तेवढेच 'पाहिले' म्हणा. सहीपूर्वी फिर्याद वाचून दाखवतात, तेव्हा प्रत्येक वाक्य कान देऊन ऐका. आणि त्याच्याही आधी, कृपा करून, घरातले सगळे डबे एकदा ओतून बघा.