हजेरीपट : नोंदींचा शोध व निवड

कामावर नेमलेल्या व्यक्तींची नावे, कामाच्या तारखा व दैनंदिन उपस्थिती ज्या पत्रकात नोंदवितात त्यास हजेरीपट म्हणतात. व्यवहारात ‘मस्टर’ हा शब्द रूढ आहे. अशा पत्रकांच्या संग्रहातून विशिष्ट नोंद हुडकणे म्हणजे शोध, तर दिलेल्या अटींत बसणाऱ्या नोंदीच तेवढ्या वेगळ्या काढणे म्हणजे निवड होय.

महाराष्ट्रात रोजगार हमी योजना १९७२ मध्ये सुरू झाली व १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचा आधार मिळाला. त्या काळचे कागदी मस्टर कामवार लावलेले असत. अमुक रस्त्यावर कोण होते, हे त्यांवरून तत्काळ कळे, परंतु सेनगाव (जि. हिंगोली) तालुक्यातील एखादी बाई पाझर तलाव, रस्ता व वृक्षलागवड अशा तीन कामांवर मिळून वर्षात किती दिवस राबली, हे सांगण्यास तिन्ही गठ्ठे उलगडावे लागत. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने (२००५) प्रत्येक कुटुंबास वित्तीय वर्षात १०० दिवस काम आणि पंधरा दिवसांत मजुरी असे बंधन घातल्यावर नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला. संगणकीय नोंदींत एकच नोंद व्यक्ती, काम वा तारीख यांपैकी कोणत्याही अंगाने काढता येते.

नावावरून घेतलेला शोध सर्वांत सोपा व सर्वांत अविश्वसनीय असतो. ‘लक्ष्मी’ व ‘लक्ष्मीबाई’ या यंत्राच्या लेखी दोन व्यक्ती. या भागात आढळणारे ‘कऱ्हाळे’ हे आडनावही बोधप्रद आहे : त्यातील ‘ऱ’ हे एकच संकेतचिन्ह म्हणून किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठविता येते. डोळ्यांस फरक दिसत नाही. मात्र दोन्ही रूपे आधी एकरूप करून न घेतल्यास शोध निष्फळ होतो. यासाठी जॉब कार्डचा क्रमांक अधिक उपयुक्त. त्यात राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत व गाव यांचे संकेतांक असून शेवटी कुटुंबाचा अनुक्रमांक येतो. तथापि हा क्रमांक कुटुंबाचा असतो, व्यक्तीचा नव्हे; त्यामुळे त्यावरून सर्व सदस्यांच्या नोंदी एकत्र येतात.

तारखेची अट घालताना होणारी चूक सहसा लक्षात येत नाही. २८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर या आठवड्याचा मस्टर घ्या. ‘सप्टेंबरमध्ये सुरू झालेले मस्टर’ अशी अट घातल्यास तो वगळला जातो आणि मजुराचे सप्टेंबरातील तीन दिवस हिशेबातून निसटतात. योग्य अट दुहेरी असते : मस्टरचा प्रारंभ ३० सप्टेंबरला वा त्यापूर्वी आणि शेवट १ सप्टेंबरला वा त्यानंतर. दोन अटी ‘आणि’ने जोडल्यास निवड आकुंचित होते, ‘किंवा’ने जोडल्यास विस्तारते.

रिकामा रकाना आणि ‘गैरहजर’ ही खूण यांतही भेद राखला पाहिजे. पहिल्याचा अर्थ नोंद झालीच नाही, दुसऱ्याचा अर्थ मजूर आला नाही. ‘हजर नसलेले’ अशी एकच अट दोघांना एका पंक्तीत बसविते. कामावर दिवसातून दोनदा भ्रमणध्वनीवर छायाचित्रासह हजेरी घेण्याची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीची झाली. संपर्कजाळे नसलेल्या शिवारात छायाचित्र चढले नाही, तर राहिलेला रकाना पहिल्या प्रकारचा असतो. अशा नोंदी मजुरी ठरविण्यापूर्वी स्वतंत्रपणे वेगळ्या काढून ग्रामरोजगार सेवकाकडून पडताळून घ्याव्या लागतात.